तहान लागायच्या आधी

"आबा, आवाज एकदम मस्त आहे. फक्त इतके शहाणे वाटू नका. जरा बावळट होऊन म्हणा."

असं मला सांगणारा पोरगा तिशीतला असंल. समीर त्याचं नाव. सगळे त्याला सर म्हणत होते. मी सत्तरी ओलांडलेला. अंबाजोगाईत कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं हापिस. आत एक बारकी खोली, भिंतींना गादीवानी फोम ठोकलेला. तिथं मला स्टुलावर बसवलं, कानाला झाकणं लावली, तोंडापुढं माईक दिला. काचेच्या पल्याड समीर, त्याची तीन माणसं अन् माझी नात शीतल.

म्हणायचं होतं एकच वाक्य. "आं? पाणी मागायचं? ते कावून बरं?" कावून म्हंजे का, आमच्या बोलीत.

म्हणलं. एकदा म्हणलं, दोनदा म्हणलं. दर वेळी समीरचा आवाज कानात. "अजून गावठी, आबा. तोंड उघडं ठेवून म्हणा." चौथ्या वेळेला काचेपल्याड हसले. एकानं तोंड वासून माझी नक्कल करून दाखवली. शीतल हसली न्हाई. तिनं खाली बघितलं.

मी तिसरी शिकलेला माणूस. तीबी धड न्हाई, कारण दिवाळी झाली की आमचं घर ऊस तोडायला निघायचं अन् शाळा तिथंच ऱ्हायची. पण तोंड वासून मी आजवर कोणापुढं उभा ऱ्हायलो नव्हतो.

आधीचं सांगतो, म्हंजे कळंल.

शीतल त्या हापिसात लागून सहा महिने झालते. तिथं मोबाईलातलं एक ॲप बनवत होते. आपल्याकडची पोरंपोरी आता परदेशात कामाला जातेत. कोणी नर्स म्हणून जर्मनीला, कोणी ड्रायव्हर म्हणून आखातात. तिथं उतरल्यावर खोली कशी बघायची, दवाखाना कसा गाठायचा, शेजाऱ्याशी कसं वागायचं, हे सगळं त्यात. काम चांगलं हाय, मी वाईट म्हणत न्हाई. शीतलच त्यांना म्हणली, माझ्या आबांना विचारा, त्यांनी सारी हयात परमुलखात काढली. म्हणून ते आमच्या गावी आले. सिरसाळ्याच्या अलीकडं हाय आमचं गाव.

गाडीतनं चौघं उतरले. सुनंनं तांब्या-पेला पुढं केला. समीरनं हात हलवला. "नको नको, आमच्याकडे बाटली आहे." चौघांनी पाठीवरच्या पिशव्यांतनं आपापली बाटली काढली अन् माझ्याच ओसरीवर बसून आपापलं पाणी प्याले. तांब्या भरलेला तसाच ऱ्हायला.

मी ते बघितलं. बघून सोडून दिलं. नातीचे साहेब हायत म्हणून. जी चूक मी उभ्या जन्मात केली नव्हती ती म्हातारपणी, माझ्याच दारात केली.

समीरनं विचारलं, "आबा, नव्या ठिकाणी गेल्यावर पहिलं काय करायचात?"

"पाणी मागायचो."

"म्हणजे प्रवासात तहान लागलेली असायची."

"न्हाई. तहान लागायच्या आधी मागायचो."

ते एकमेकांकडं बघाय लागले. मग मी समजावून सांगितलं. कर्नाटकात गेलं की भाषा येत न्हाई, ओळख न्हाई. ट्रक आमाला माळावर उतरवून निघून जायचा. बाया सामान काढायच्या. मी रिकामा तांब्या घेऊन जवळच्या वस्तीवर जायचो. घागर भरलेली असली तरी जायचो. दारात उभं ऱ्हाऊन म्हणायचो, "नीरु कोड्री, अव्वा." पाणी द्या, माय. पहिल्या दिवसाला तिकडची एवढीच भाषा पुरते. मग बघायचं. ती तांब्या हातात घेऊन भरून देते, का लांबूनच वरनं धार सोडते. बस म्हणते का कुत्रं सोडते. तांब्या हातात घेतला तर आमच्या पाचटाच्या कोप्या, म्हंजे झोपड्या, त्या वस्तीजवळ पडायच्या. धार सोडली तर लांब, बांधाच्या पल्याड. लेकरू फणफणलं, साप निघाला, तर कोणाच्या दारात पळायचं ते पहिल्याच दिवशी ठरून जायचं. अन् दुसऱ्या दिवशी मूठभर शेंगा घेऊन त्या दारात परत जायचं. पाणी फुकट ठेवायचं न्हाई.

"वॉव, आबा," समीर म्हणला अन् टकाटका मोबाईलात लिहून घेतलं. निघताना म्हणला, ॲपात तुमचा आवाज घालू, हापिसात या. हे कुठं शिकला, ते काय त्यानं विचारलं न्हाई. असल्या लोकांना फळ पायजे असतं. झाड कोणाच्या रानात हाय, याच्याशी घेणं न्हाई.

कुठं शिकलो ते आता सांगतो.

मी नऊ वर्साचा होतो. आईबापासंगं उसाच्या फडावर गेलतो. उन्हं तापलेली, पाणी संपलेलं, माय दोन जिवांची. दुपारच्याला बाप घागर घेऊन मळ्याच्या विहिरीवर गेला, मी त्याच्या मागं. मळेवाला सावलीत बाजेवर बसलेला, संगं त्याचे दोन सोयरे. बापानं पाणी मागितलं.

मळेवाला म्हणला, "बैलाला तहान लागल्यावर बैल काय करतो रं?"

बापानं घागर या हातातनं त्या हातात घेतली.

"हंबरतो का न्हाई? मग हंबर. घे पाणी."

बापानं माझ्याकडं बघितलं. मग घागर खाली ठेवली अन् हंबरला.

ते हसले. "घुमलं न्हाई. अजून मोठ्यानं." बाप अजून मोठ्यानं हंबरला.

घागर मिळाली. माय प्याली. मीबी प्यालो. लई गार होतं पाणी.

वाटंनं बाप एवढंच बोलला, "तहान लागल्यावर माणूस कायबी करतो. मागायचं तर आधी मागावं." पुढच्या हंगामापसून नव्या जागी उतरलं की बाप रिकामा तांब्या घेऊन आधी निघायचा. बापामागं मी.

हे सगळं त्या एका वाक्याच्या मागं होतं, अन् मी गादीच्या खोलीत बसून तेच वाक्य चारदा बावळटासारखं म्हणलो. मग मात्र विचारलं, "हे कोण कोणाला म्हणतंय?"

"ऐकवतो ना," समीर म्हणला. कानात एका पोरीचा गोड आवाज आला. "नमस्कार, मी दिशा. नव्या देशात पोहोचलात की शेजाऱ्यांकडे पाणी मागा. तहान लागायच्या आधीच मागा. ओळख लगेच होते." पुढं रिकामी जागा. ती माझी. काचेपल्याड पडद्यावर चित्र दाखवलं. फेटा बांधलेलं म्हातारं, दोन दात, तोंड वासलेलं. खाली नाव, भोळेआबा.

माझं बोलणं पोरीच्या तोंडात. बावळटपणा माझ्या तोंडात. माझंच मला ऐकवायचं अन् वर मीच विचारायचं, ते कावून.

अन् उचललं तेबी अर्धंच. पाणी कसं देतेत ते बघायचं, हे गाळलं. शेंगा गाळल्या. ओळख लगेच होते म्हणे. असलं शिकून परमुलखात गेलेली पोर कोणत्या दाराला भुलून फसंल, त्याची या बाटलीवाल्यांना काय फिकीर. ज्यांना दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं ठाऊक न्हाई, ते मागायचं शिकवणार.

"समीर," मी म्हणलं. सर म्हणलो न्हाई. "ही पोरगी बोलती ते माझं हाय."

"हो ना, आबा, आयडिया तुमचीच. पण दिशाच्या तोंडी ते पटतं. लोक भोळेआबांना हसतील, हसता हसता शिकतील."

"मग तूच म्हण की. तुझं तोंड मघापसून उघडंच हाय."

काचेपल्याड कोणीतरी फिसकन हसलं. समीरनं आवाज बारीक केला. "आबा, शीतलचं काम या महिन्यात पक्कं करायचं चाललंय. एका वाक्याचा तर प्रश्न आहे."

शीतल आत आली. माझ्या गुडघ्यापशी बसली. "आबा, म्हणा की एकदा. माझ्यासाठी."

मी तिच्याकडं बघितलं. विहिरीवर बापानं माझ्याकडं बघितलं होतं तसंच. बापाला मी दोष देत न्हाई. त्याच्या मागं तहानेनं व्याकुळ झालेली बाई होती, तिच्या पोटात लेकरू होतं. माझ्या मागं काय होतं? तर नोकरी. माझी नात शिकलेली, हातीपायी धड. अन् हंबर म्हणणारा मळेवाला तोच, फक्त बाजेवरनं खुर्चीवर आलेला.

कानाची झाकणं काढून स्टुलावर ठेवली. म्हणलं, "न्हाई म्हणणार, बाई."

जिन्यात समीर मागं आला. "आबा, चहा तरी घेऊन जा."

"तुझ्या बाटलीत भर," म्हणलं अन् उतरलो.

आठ दिवसांनी शीतलला सांगितलं, उद्यापसून येऊ नको. घरी आल्यावर ती म्हणली, "एक वाक्य होतं, आबा." मी तिला विहिरीवरचं सांगितलं. घरात पहिल्यांदाच सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणली, "हंबरले तुमचे वडील. नोकरी माझी गेली." खरं हाय तिचं. ती अजून माझ्याशी धड बोलत न्हाई. न बोलू दे.

भोळेआबाचा आवाज दुसऱ्या कोणीतरी दिला. सुनंनं मोबाईलवर ऐकवला. शहरातलं पोरगं नाकातनं गावठी काढतंय. 'कावून'ला अडखळतंय. त्याला तेच शोभतं.

आता कोणीबी वही घेऊन आलं, क्यामेरा घेऊन आलं, आबा तुमचे अनुभव सांगा म्हणलं, की मी आधी तांब्या पुढं करतो अन् बघतो. परवा दोघं आलते. तांब्या पुढं केला तर एकाचा हात पिशवीकडं गेला. मी तांब्या उचलला, पाणी शेळीच्या घमेल्यात ओतलं अन् उठलो.

"आबा, काय झालं? आमचं काही चुकलं का?"

सांगितलं न्हाई. सांगणारबी न्हाई. माझ्या तांब्यातलं पाणी ज्याला चालत न्हाई, त्याला माझ्या तोंडातलं अक्षर मिळणार न्हाई. मरूस्तोर न्हाई. ते कावून, हे त्याचं त्यानं हुडकावं.