सव्वीस जानेवारीची ओटी

सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत मुलांचा गुणगौरव असतो. गौरव मुलांचा, पण पहिले दोन तास मोठ्यांचे. झेंडावंदन झालं की मान्यवरांचे सत्कार, मग सत्काराला उत्तरं, मग ज्यांचं नाव पत्रिकेत राहून गेलं त्यांची समजूत. एवढं आटपून ऊन डोक्यावर आलं, की ज्यांच्यासाठी मांडव घातला त्या पोरांची पाळी येते.

सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. मला लांबलेली भाषणं सोसत नाहीत. वक्त्याची गाडी रुळावरून घसरायला लागली की मी त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवते. तीवर एकच शब्द असतो, 'आवरा'. यावरून गावात मला चिडवतात. सोसायटीचे चेअरमन तर उभे राहतानाच म्हणतात, "मॅडमची चिठ्ठी यायच्या आत दोन शब्द बोलून घेतो." त्यांच्या भाषणात सगळ्यात जास्त टाळ्या या वाक्याला पडतात.

शाळा पाथर्डी तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, बहुतेक श्रीगोंद्याकडे. घरांना कुलपं लागतात. काही मुलं आईबापाबरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. जी राहतात त्यांची शाळा टिकते.

गुणगौरवात पूर्वी मुलाबरोबर फक्त वडिलांना स्टेजवर बोलवायचे आणि फेटा बांधायचे. आया मांडवाच्या कडेला उभ्या. नाव पुकारलं तरी जागच्या हलायच्या नाहीत, नवऱ्याकडे बोट दाखवायच्या. मग मी एक युक्ती काढली. नंबर आलेल्या मुलाच्या आईची स्टेजवर खणानारळानं ओटी भरायची. सत्काराला नको म्हणणारी बाई ओटीला नको म्हणत नाही. पहिल्याच वर्षी सगळ्या वर आल्या. एकीनं तर खाली उतरताना नवऱ्याकडे असं पाहिलं, की फेटा बांधलेला तो गृहस्थ आपणहून बाजूला झाला.

ओटी भरायला अंगणवाडीताई असतात. मी माईकवर. माझे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली होती. ओटीच्या ताटापासून लांब राहा असं मला कुणी म्हटलं नव्हतं, मीच राहिले. वर्गात मी पोरांना जुन्या रूढींवर झणझणीत बोलते आणि स्टेजवर स्वतः माईक घट्ट धरून उभी राहते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गेल्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. आईवडील तोडीला, ही आजीजवळ. तिसरीत असताना तिनं एका मैत्रिणीच्या आईची ओटी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझ्या आईची बी भरताल का?"

"नंबर आण. भरते."

वह्या तपासता तपासता मी बोलून गेले आणि विसरले. तिनं मात्र ते गाठीला बांधलं. तालुक्यात पाढे पाठांतराची स्पर्धा असते. ही पोरगी वर्षभर पाढे म्हणत फिरली. हापशावर हंडा भरताना पाढे, शेळ्या बांधताना पाढे. आजी मला म्हणाली, "मॅडम, झोपंत बी म्हनती. मला निम्मे आपसूक पाठ झाले." केंद्रात ती पहिली आली, मग तालुक्यात पहिली. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायला सांगितला तेव्हा परीक्षकांनी स्वतः कागद काढला. हिला कागदाची गरज नव्हती.

शाळेत परत आल्यावर ढाल माझ्या हातात देत ती म्हणाली, "आता आईला फोन लावा."

मी लावला. पलीकडे उसाचं पाचट तुडवल्याचा आवाज येत होता. आई दोनदा म्हणाली, "पैला? सगळ्या तालुक्यात पैला?" मग म्हणाली, "मी येते सव्वीसला. एक दिस खाडा पडंल, पडू द्या. पन मॅडम, माझ्याबिगर सुरू करू नका."

"नाही करत," मी म्हटलं. त्या पोरीला वर्षभरात एवढी एकच गोष्ट हवी होती आणि तिच्यासाठी मी दोन शब्द दिले होते. एक तिला, एक तिच्या आईला.

सव्वीस जानेवारीला ती लाल रिबिनी बांधून पहिल्या रांगेत बसली, पण स्टेजकडे पाठ करून, फाटकाकडे तोंड. मी दोनदा वळवली, दोनदा ती परत फिरली. साडेनऊला आईचा फोन आला. नगरच्या स्टँडवर पहिली गाडी चुकली होती, आत्ता कुठे पाथर्डीच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली होती. मी मनात हिशेब केला. पाथर्डीला उतरून पुन्हा गावाची जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. म्हणजे बारा तरी.

तेव्हा माईकवर चेअरमन होते आणि शेवटाला आले होते. मी चिठ्ठी लिहून सरकवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून पाहिली आणि माईकवरच विचारलं, "मॅडम, ही मलाच हाय ना?" चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'अजून बोला'.

मांडव हसला. मग चेअरमन जे सुटले ते सुटले. त्यांची पाटी, त्यांचे गुरुजी, गुरुजींची छडी, त्या साली आटलेली विहीर, सगळं झालं. त्यांच्यानंतर मी आणखी दोघांना उभं केलं. त्यातले एक फक्त ध्वनिक्षेपक द्यायला आलेले होते. पहिलीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली. जिलेबीच्या पातेल्यावर माश्या बसायला लागल्या. शेवटी मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. "आता पुरे करा, मॅडम. मुलं सकाळपासून बसून आहेत." ते खरंच होतं. मला भयंकर राग आला, आणि तो नेमका कुणावर काढावा तेही कळेना.

मी तिचं नाव यादीत सगळ्यात शेवटी घेतलं. साडेअकरा झाले होते. ती एकटीच पायऱ्या चढली, ढाल पोटाशी धरून उभी राहिली आणि तिथूनही फाटकाकडेच पाहत होती. माझ्याच्यानं बघवेना. तिची आजी मांडवाच्या कडेला बसली होती. मी माईकवर म्हणाले, "हिला सांभाळणाऱ्या आजींनी स्टेजवर यावं."

आजी आली. सगळ्यांना हात जोडले, नातीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मनात तेवढंच होतं, पोर एकटी उभी राहू नये. पण रिवाजाप्रमाणे अंगणवाडीताई ताट घेऊन पुढे झाल्या. आजीनं ताटातलं कुंकू पाहिलं आणि एक पाऊल मागे सरली.

"मला नगं, बाई. मला कशी चालंल?"

बोलली ती हळूच, पण माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं. ताईंचा हात तसाच राहिला. आजी पदर सावरत खाली उतरली आणि बायकांनी तिला बसायला जागा करून दिली, नको इतकी. मी नऊ वर्षं ज्या ताटाला हात लावला नव्हता, ते आजीपुढे येणार हे मला सुचलं नाही. दुसरं कुणी विसरलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या वेळचा फोटो ऑफिसात आहे. त्यात ढाल समोर दिसते आणि पोरीचं तोंड बाजूला.

आई आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. जिलेबी वाटून झाली होती, मांडववाला कनाती सोडत होता, ताई ताट ऑफिसच्या टेबलावर ठेवून घरी गेल्या होत्या. आजी आणि नात पायरीवर बसून होत्या. आई फाटकातून पळतच आली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, पायात एका चपलेचा पट्टा दोरीनं बांधलेला. तिनं मोकळ्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"झालं?"

सकाळपासून न रडलेली पोर तेव्हा रडली.

"मी म्हनले हुते, माझ्याबिगर सुरू करू नका," आई मला म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. चेअरमनना किती वेळ बोलायला लावलं वगैरे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

पोरगी उठली. फ्रॉकला नाक पुसलं, ऑफिसात गेली आणि दोन्ही हातांनी ताट घेऊन माझ्यापुढे आली.

"तुमी म्हनल्या हुत्या, भरते."

"थांब, ताईंना बोलावते."

"त्यान्ला कशाला?" आईनं विचारलं.

"अगं, आमचे मिस्टर नाहीत. तुला माहितीये."

"म्हाईत हाय की. आत्याबाईंचं मानूस बी न्हाई." तिनं सासूकडे पाहिलं. आजी खाली मान घालून पायरीवरची धूळ बोटानं सारत होती. "पोर रातीला ह्यांच्यापाशी, दिसाला तुमच्यापाशी. नंबर आला त्यात मी कुठं हुते हितं? भरा तुमी दोघी. मला दोनच्या गाडीनं माघारी जायचंय."

आणि तिनं पदर पसरला.

मी कुंकवात बोट बुडवलं. तिच्या कपाळाला घामावर ते नीट लागेना, दोनदा लावलं. नारळ मी आजीच्या हातात दिला. आजीनं तो आधी नातीच्या डोक्याला टेकवला, मग सुनेच्या पदरात घातला, खण घातला. मग मी ओंजळभर गहू घातले. सवय नसल्यामुळे ओंजळ सैल राहिली आणि बरेचसे दाणे पायरीवर सांडले.

"असू द्या," आई म्हणाली.

पण आजी खाली बसली. दिसत कमी होतं तिला, तरी चाचपत चाचपत तिनं एक एक दाणा वेचला, आणि सगळे वेचून होईपर्यंत सून पदर पसरून उभी राहिली.