करुणाची होडी आणि ओलं पोतं

करुणा होडीत बसून हवेची नळी सांभाळते आणि तिचा नवरा बुद्धभूषण पाण्याखाली उतरतो. इंदापूर तालुक्यात उजनीच्या काठानं जेवढ्या मोटारी पाणी उपसतात, त्यांच्या पाण्यात बुडलेल्या तोंडाला, म्हणजे फुटव्हॉल्व्हला, जलपर्णी नाहीतर तुटकं जाळं गुंडाळलं की ह्या दोघांना फोन जातो. एकाच पाइपलाइनवर ऊस भिजवणाऱ्या आमच्या गटाचाही जातो. भूषणचं कौतुक सगळ्यांना, कारण तो बुडी मारतो. ती काय, नुसती बसलेली असते, असं आमच्या काठावरच्या शहाण्यांचं मत.

ती बसते ते छोट्या कॉम्प्रेसरपाशी. तो वरची हवा ओढतो आणि नळीतून खाली भूषणच्या तोंडापर्यंत पोचवतो. पूर्वी तो पेट्रोलवर चालायचा. त्या धुरानं भूषणचं डोकं धरायचं, म्हणून करुणाच्या भावानं लिथियमची मोठी बॅटरी बसवून दिली. भाऊ बारामती एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं बजावलं होतं की चार्जिंग काठावर, उघड्यावर, पत्र्यावर ठेवून करायचं. होडीत कधीच नाही. करुणा ते देवाच्या नेमासारखं पाळायची आणि आमचे लोक त्याला नखरे म्हणायचे.

गेल्या एप्रिलमध्ये आमची मोटार पाणी ओढेना. ऊस माना टाकायला लागला होता. भूषणनं निम्मं जाळं कापलं आणि बॅटरी उतरत आली. करुणा म्हणाली, आता बास, काठावर चार्ज करू, उद्या येतो. गटाचे म्होरके आप्पासाहेब. माणूस मनाचा चांगला, पण दम धरणं त्यांच्या कुंडलीतच नाही. शेतीची लाईट दुपारी जाणार होती, म्हणून त्यांनी स्टार्टरच्या पेटीतून वायर ओढली आणि होडीतच चार्जर लावला. भूषणही म्हणाला, थोडंच राहिलंय, होऊन जाईल. दोघांपुढं तिचं चाललं नाही. तो खाली गेला आणि ती पाण्याकडं तोंड करून त्याच्या कमरेला बांधलेली खुणेची दोरी धरून बसली.

उन्हाळ्यात पाण्याच्या माठावर, कॅनवर, तापलेल्या मोटारीवरसुद्धा ओलं पोतं टाकायची आमची रीत. बॅटरी हाताला गरम लागली तेव्हा आप्पासाहेबांनी सवयीनं पोतं भिजवून तिच्यावर टाकलं आणि समाधानानं काठावर आले. पाणी झिरपून आत कुठं गेलं असेल ते असो, थोड्या वेळानं पोत्याखालून पांढरा धूर निघाला.

मी पळत जाऊन मेन स्विच पाडला. करुणानं पोतं भिरकावलं, चार्जरची पिन उपटली. बॅटरी धुमसतच होती, पण कॉम्प्रेसर अजून तिच्यावरच चालत होता. आप्पासाहेब काठावरून ओरडत होते, बॅटरी पाण्यात ढकल, नाहीतर तू उडी मार. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. धूर कॉम्प्रेसरमध्ये गेला असता तर तोच नळीतून भूषणच्या छातीत उतरला असता. म्हणून ती बॅटरी आणि कॉम्प्रेसर यांच्या मधे, बॅटरीकडं पाठ करून बसली, हवा ओढायचा पाइप एका हातानं वाऱ्याच्या बाजूला उंच धरला आणि दुसऱ्या हातानं दोरीला हिसके देत राहिली.

भूषण वर येईना. लाईट जायच्या आत उरका म्हणून आम्ही लोक नेहमीच करुणाला वरून हिसके द्यायला लावायचो. त्याला वाटलं, आजही तसंच. त्यानं खालून एक हिसका दिला, म्हणजे थांबा. मला त्या क्षणी आमच्या सगळ्यांचीच चीड आली. बॅटरीतून जाळ उसळून करुणाच्या पदरानं पेट घेतला होता. तो तिनं पाण्यात बुडवला आणि दोरी पुन्हा ओढायला लागली.

शेवटी भूषणचं डोकं वर आलं. त्यानं तोंडातली नळी काढलेली दिसल्यावरच तिनं वल्ह्यानं बॅटरी पाण्यात लोटली. होडीचा मागचा भाग जळाला. तिची पाठ आणि दंड भाजले होते. इंदापूरच्या दवाखान्यात नेताना आप्पासाहेब पुन्हा पुन्हा विचारत होते की आधीच का नाही टाकलीस. ती म्हणाली, "आप्पा, खाली त्येचा श्वास तिच्यावर हुता."

पावसाळ्याच्या तोंडाला मोटार परत अडली. नवी बॅटरी घेऊन दोघं आले. ती पुरती भरलेली नव्हती. करुणा पत्रा मागून काठावर चार्जिंग लावायला निघाली, तशी आमच्यातल्या कुणीतरी कुरकुर केली की तोवर लाईट जाईल आणि ऊस वाळेल.

ती थांबली, पण आवाज चढवला नाही. "वाळू द्या," ती म्हणाली. "उसाला बुडातनं पुन्हा फुटून खोडवा येतोय. माणसाला येत न्हाय."

आप्पासाहेबांनी पत्रा उचलला आणि कुठं ठेवू म्हणून तिलाच विचारलं.