पेन्सिलीची फुली

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. विद्यापीठाच्या संशोधन विभागातले एक कारकून माझा अनुदानाचा अर्ज समासात पेन्सिलीने फुली मारून परत करत, तेव्हा कारण विचारायचा धीर होत नसे. "वाचा की सर, तुमी शिकलेले," एवढंच ते म्हणत.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी माझ्या विभागप्रमुखांची सही राहिलेली निघाली. प्रमुख तर नगरला लग्नाला गेलेले. कारकुनांनी माझ्या हातातला अर्ज ओढून घेतला आणि निघून गेले. सगळं संपलं असं समजून मी जिन्यात बसलो. चार वाजता ते हेल्मेट काढत आले. अर्जावर सही होती.

दुसऱ्या दिवशी पेढे नेले, तर पुडा माझ्याकडेच सरकवत म्हणाले, "सोबतच्या कागदांच्या यादीत ह्ये न्हाई, सर."

ते माझ्यावर खूश आहेत की वैतागलेत, मला अजून कळलेलं नाही.