दत्तूनं सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ थोडी सैल होतेय — दुसरं काही नाही.

सुरुवात गोष्टींपासूनच करतो. मला रहस्यकथांचं वेड आहे. खून, भुयारं, गायब झालेली माणसं — असलं काही हातात आलं की मला जेवण सुचत नाही. शाळेत असताना मी शेवटची पानं फाटलेली पुस्तकंसुद्धा वाचायचो आणि मग आठवडाभर चिडचिड करायचो. पुढे मामाच्या गवताच्या वखारीत कामाला लागलो. आमच्या शहापूर-मुरबाडकडचं सुकं गवत दाबून, गाठी बांधून वसईकडच्या तबेल्यांना जातं. गाडी दत्तू चालवायचा. मी बाजूला बसायचो — माल उतरवायला आणि तबेलेवाल्यांशी हुज्जत घालायला.

दत्तू माझ्याच पाड्यातला, चड्डीत असल्यापासूनचा दोस्त. घोडबंदरच्या रस्त्यावर गाडी अडकली की हलायचं नाव नाही. तिथं एकदा कंटाळून त्यानं मोबाइलवर ऐकायची कादंबरी लावली. झालं! त्या दिवसापासून ट्रॅफिक दिसला की आम्ही खूश. मागचे लोक हॉर्न मारून जीव काढतायत, आणि आम्ही खुनी कोण यावर भांडतोय. दत्तूचा अंदाज कधी म्हणजे कधी बरोबर आला नाही. तरी प्रत्येक वेळी छाती ठोकून सांगायचा.

नियम एकच होता. ऐकायचं ते गाडीत, दोघांनी मिळून. घरी एकट्यानं नाही. मोबाइल त्याचा होता, पण मला कधी शंका आली नाही. खरं सांगू? मला दुसरा मित्रच नव्हता. माझा स्वभाव तिरसट, लोक फार जवळ येत नाहीत. ती गाडी, ती गोष्ट आणि दत्तू — एवढंच माझं असं काहीतरी होतं.

तेव्हा आमची एका बेटावरची कादंबरी चालू होती. दीपगृहाचा रखवालदार गायब, पाच जणांवर संशय. शेवटचा भाग राहिला होता आणि मधे दत्तूच्या चुलतभावाचं लग्न आलं.

मांडव घालायच्या दिवशी मी डहाळ्यांचा भारा घेऊन उशिरा पोचलो. बघतो तर दत्तू पोरांना, बायामाणसांना गोळा करून तीच गोष्ट सांगतोय. आणि शेवट सांगतोय! रखवालदार मेलेलाच नव्हता म्हणे, कोळ्याच्या होडीत लपून सगळ्यांना खेळवत होता. लोक माना डोलावत होते. मी भाऱ्याआड उभा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणजे यानं ऐकलं. एकट्यानं ऐकलं. वर चारचौघांत वाटून टाकलं, आणि मला मात्र उद्या गाडीत तोंड वर करून म्हणणार — कोण असेल रे खुनी? केसानं गळा कापला, असंच वाटलं मला. तुम्हाला हसू येईल. एका गोष्टीसाठी? हो, एका गोष्टीसाठी. बायको माहेरी निघून गेली असती तरी मला एवढं लागलं नसतं.

मी त्याला काही विचारलं नाही. तिथंच विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. भारा टाकला आणि घरी आलो.

आता ते सांगतो, जे इतका वेळ टाळतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेलो आणि म्हणालो, गाडी चालवताना दत्तूचा डोळा लागतो. साफ खोटं. दत्तूसारखा जागा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही. मामानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो, वर म्हणालो — माझं नाव सांगू नका. मामानं संध्याकाळच्या आत त्याच्याकडून चावी काढून घेतली.

मला वाटलं होतं, थोडे दिवस घरी बसेल, जिरेल. पण झोपणारा ड्रायव्हर ही गोष्ट आमच्याकडे लपत नाही. मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत कुणी त्याला गाडीला हात लावू देईना. तो पडघ्याकडे एका गोदामात खोकी उचलायला जाऊ लागला. जायच्या आधी माझ्याकडे आला होता.

"गणू, मामांना कोन बोललं असंल रे? तू तर बाजूलाच बसतोस. तू सांग ना त्यांना, माझा डोळा कधी लागला का?"

"सांगतो," म्हणालो. नाही सांगितलं.

नवा ड्रायव्हर भजनं लावायचा. एका दुपारी तबेल्यात माल उतरत होता तेव्हा मी कानात वायर घालून आमच्या कादंबरीचा शेवटचा भाग ऐकला. एकट्यानं. खुनी निघाला डॉक्टर. रखवालदार पहिल्याच दिवशी मेलेला होता. होडी नाही, कोळी नाही, काहीच नाही.

मी तो भाग पुन्हा लावला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मांडवात सुरू केलेली गोष्ट मांडवातच संपवायची असते. अर्धी टाकून उठलं तर लग्नात खोडा येतो, असं म्हातारी माणसं मानतात. लोक उठू देत नाहीत. ही रीत मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक, पण त्या दिवशी रागात आठवलीच नाही! दत्तूनं शेवट ऐकलाच नव्हता. त्यानं तो तिथं बसल्याबसल्या रचला होता, आणि नेहमीसारखा चुकीचा रचला होता.

नियम मोडला तो मी. त्याच दिवशी मामाकडे जाता आलं असतं. नाही गेलो. मामा काय म्हणेल, पाडा काय म्हणेल — एवढीच भीती, बाकी कसलंही कारण नव्हतं.

यंदा शेणव्याच्या एका माणसानं नवी पिकअप घेतली. त्याला ड्रायव्हर हवा होता. दत्तूनं त्याला माझं नाव सांगितलं. गणूला विचारा म्हणाला, तो वर्षानुवर्षं माझ्या बाजूला बसलाय. त्या माणसाचा फोन आला. मी म्हणालो, माणूस सोन्यासारखा आहे. तो म्हणाला, ते ठीक, पण झोपेचं काय?

मी गप्प राहिलो. नाही म्हणायला एक शब्द लागत होता. तो म्हणाला, बरं, समजलो.

रविवारी दत्तू घरी आला. खांदा एका बाजूला झुकलाय त्याचा, खोकी उचलून. शेणव्याचं काम दुसऱ्याला गेलं म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्यानंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे रे. तू चांगलंच बोलला असशील, मला म्हाईत हाय."

मी हो म्हणालो.