माळाची खोड

एका बुधवारी दुपारी मुंबईहून तार आली. माझा मेहुणा वारला होता. त्या वेळी माझे सासरे माळावर एका शेटजींना पवना नदीचं पाणी पाजत होते.

मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आजवर जेवढी माणसं जन्मली असतील, त्यांत आपल्या गावच्या जमिनीला माझ्या सासऱ्यांइतकं कुणी वाखाणलं नसेल. भक्तसुद्धा देवाची इतकी स्तुती करीत नाहीत, आणि केली तरी शेवटी काहीतरी मागून घेतात. सासरे बोलू लागले की पारावरची माणसं म्हणत, "आबांनी तोंड उघडलं की धोंड्यालाबी वाटतं, आपून हिराच हाय." ही वाणी त्यांना धंद्यानं दिली होती. ते चाकणच्या बाजारात बैलांचे दलाल होते. उंच, काटक, डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर उपरणं. हे उपरणं अंगावर घ्यायचं वस्त्र नव्हतं, धंद्याचं हत्यार होतं. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबतात, आणि आजूबाजूच्या गर्दीला त्यातलं काही कळत नाही. एकदा एका शेतकऱ्याचा बैल त्यांनी असा वर्णिला, की शेतकऱ्याच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि तो दावं सोडून बैल घरी घेऊन गेला. दलाली बुडाली. सासरे मात्र आठवडाभर खुशीत होते. पण एवढी तारीफ करणाऱ्या या माणसाचा एक नेम होता. सौदा ठरला की दावं दुसऱ्याच्या हातात देण्याआधी बैलाची खोड सांगायची. मारका असेल तर मारका, नांगराला बसत असेल तर बसतो म्हणून. "झाकल्याली खोड बैलासंगं जात न्हाई," ते म्हणत, "इकणाऱ्याच्या दारात ऱ्हाती."

त्यांना एकच मुलगा, म्हणजे हा माझा मेहुणा. तो गावातली शाळा संपवून मुंबईच्या गिरणीत निघाला तेव्हा अंगणात जे भांडण झालं, ते मला बायकोनं सांगितलं आहे. मुलगा म्हणाला, "हितं ऱ्हाऊन काय करू? हाय काय हितं? धोंडं आन् वारा." सासऱ्यांनी विचारलं, "माघारी कवा येशील?" तो पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाला, "माळावर भोंगा वाजंल तवा." रागाच्या भरात मारलेला टोमणा होता तो. दुसऱ्या कुणी तो दोन दिवसांत विसरला असता. पण सासरे बाजारातले. बोललेला शब्द त्यांच्या लेखी उपरण्याखाली ठरलेल्या भावासारखा होता. दुसऱ्या दिवसापासून ते भोंग्याच्या, म्हणजे माळावर कारखाना आणायच्या, मागे लागले.

तो काळही तसाच होता. मुंबईत जागा उरली नव्हती आणि कारखाना काढू पाहणारे शेटलोक मोटारीतून आमच्या बाजूला जमिनी बघत फिरू लागले होते. सासरे सकाळीच रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसत. शेजारी पवनेच्या पाण्यानं भरलेला तांब्या आणि फडक्यात गूळ. पाव्हण्याला वेशीवर गूळपाणी द्यायचं हा रिवाज, आणि त्यांच्या मते थांबलेली प्रत्येक मोटार पाव्हणीच होती. एकदा एका मोटारीचं इंजिन तापून वाफा येऊ लागल्या. सासरे तांब्या घेऊन धावले. ड्रायव्हरनं तो त्यांच्या हातून घेतला आणि टोपण उघडून सगळा आत ओतला. मोटार सुरू झाली. "बघा!" सासरे मालकाला म्हणाले, "मोटारीलाबी पाणी मानवलं!" दुसऱ्या एका गृहस्थांना चाक बदलून होईपर्यंत त्यांनी नदी, रेल्वे, हवा, सगळं ऐकवलं. गृहस्थ दम्यानं बेजार होते आणि पुण्याला दवाखान्यात चालले होते. ते कळल्यावर सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "कारखाना न्हाई तर न्हाई, दवाखाना काढा. हवा छातीला लई चांगली हाय."

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो मुलगी पाहायला. मी वाईकडचा, चिंचवडच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेला, बरोबर माझे चुलते. चहा व्हायच्या आतच सासरे आम्हांला माळावर घेऊन गेले. नदी दाखवली, रेल्वेचा रूळ दाखवला, पुण्याहून येणारी गाडी जाईपर्यंत उन्हात उभं केलं. परत आलो तेव्हा दिवस कलला होता आणि चुलत्यांना शेवटची गाडी गाठायची होती. स्टेशनच्या वाटेवर चुलते थांबले आणि म्हणाले, "अरे, मुलगी दाखवायची राहिलीच की!" पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागलं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. "विंग्रजी बोलता येतं न्हवं?" एवढंच विचारलं.

त्याचं कारण पुढं कळलं. शेटलोकांशी बोलायला त्यांना दुभाष्या हवा होता. माझा सुट्टीचा दिवस म्हणजे त्यांचा माळ दाखवायचा दिवस. सगळं वर्णन बैलाचं. मुरमात पहार मारायची, ती टणकन परत यायची, की म्हणायचे, "हे खूर बघा. किती बी वजन ठेवा, खचायचं न्हाई." एका अंगाला सडक आणि दुसऱ्या अंगाला रेल्वे, म्हणजे "दोन दाव्यांनी बांधल्यालं जनावर, जातंय कुठं?" मी इंग्रजीत सांगे की वाहतुकीची सोय उत्तम आहे. सासरे माझ्याकडे संशयानं बघत. "येवढंच? म्या तर बक्कळ बोललो, जावईबापू." खडकीच्या लष्करी कारखान्यात हात बसलेली गावातली माणसं ते रांगेत उभी करीत आणि त्यांचे तळवे शेटजींना दाखवीत. एकदा सवयीनं एका टर्नरला म्हणाले, "तोंड उघड, दात दाखव." त्यानं उघडलंही. शेवटी ते उपरणं पुढं करीत आणि शेटजींचा हात त्याखाली ओढू पाहत. एक म्हातारे गृहस्थ एवढे घाबरले की मोटारीत बसून त्यांनी काच वर घेतली. आणि एवढं सगळं जमून आलं, शेटजी खूश झाले, की सासरे खोड सांगत. "वैशाखात फुफाटा लई उडतो. यंत्रात जाईल. सांगितलं न्हाई म्हणू नगा." मी ते इंग्रजीत गाळू पाही. ते मला हलू देत नसत. "सांगा त्यास्नी." मी सांगे. शेटजी मान हलवत आणि ठाण्याकडे जमीन घेत.

मेहुणा माझ्या लग्नाला एक दिवस आला होता. बारीक झाला होता. मांडवाच्या मागं उभा राहून खोकत होता, आणि मी जवळ गेलो तसा हसून म्हणाला, "मास्तर, म्हातारा अजून भोंगा शोधतोय म्हणं?" मी हो म्हणालो. तो माळाकडे वळला. "मी आपलं बोलून गेलो हो," तो म्हणाला. "पर आता आला तर बरंच हुईल. चाळीत झोप लागत न्हाई." हे मी सासऱ्यांना सांगितलं. त्यानंतर ते लिंबाखाली अंधार पडेपर्यंत बसू लागले.

त्या बुधवारचे शेटजी गुजराती होते. मोटारीचे सुटे भाग करायचा कारखाना काढणार होते. ते दुसऱ्यांदा आले होते. दुसऱ्यांदा कुणी येत नसे, म्हणून सासऱ्यांनी नवं धोतर नेसलं होतं. मी माळावर पोचलो तेव्हा शेटजी तांब्या खाली ठेवत म्हणत होते, "पाणी चांगला हाय, आबा. जमीन पण चांगला हाय. आता कागद करून टाकू." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या वेळात मी तिथं का आलो, हे त्यांना माझ्या हातातल्या कागदावरून कळलं असावं. मी सांगितलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"काल रात्री."

"कशानं?"

"तारेत तेवढंच आहे, आबा."

ते उभेच राहिले. दूर पुण्याच्या बाजूनं मालगाडी येत होती, ती सगळी निघून गेली. मी म्हणालो, "घरी चला." ते म्हणाले, "थांबा. शेटजींना खोड सांगायची ऱ्हायलीय."

"आता कशाला, आबा?"

"दावं हातात द्यायच्या आदी सांगावी लागती." मग ते शेटजींकडे वळले. त्या दिवशी त्यांनी फुफाट्याचं नाव काढलं नाही. "शेटजी, ही जमीन पोरं राखत न्हाई. जातो म्हणलं की जाऊ देती, आडवी होत न्हाई. येवढी येकच खोड हाय हिला. बाकी जनावर सोन्यासारखं हाय."

शेटजींना काही उमगलं नाही. "काय झाला, मास्तर?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून मला परत दिली, आणि मग सासऱ्यांच्या खांद्यावरचं उपरणं स्वतः ओढून दोघांच्या हातांवर घेतलं. आजवर एकाही शेटजींनी तसं केलं नव्हतं. त्याखाली त्यांनी किती बोटं दाबली, की नुसताच हात धरून ठेवला, ते मला दिसलं नाही. सासऱ्यांनी पुढं कधी सांगितलं नाही, आणि बाजाराच्या रीतीप्रमाणे मी कधी विचारलं नाही.

आम्ही मुंबईला पोचलो तोवर चाळीतल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. छातीचं दुखणं, एवढं कळलं. मेहुण्याची पत्र्याची पेटी घेऊन आम्ही परत आलो. स्टेशन आल्यावर सासऱ्यांनी पेटी मला उचलू दिली नाही. तेव्हापासून त्यांनी माळाची तारीफ कुणापाशी केली नाही. चाकणचा बाजारही सोडला. "आता जीभ उचलत न्हाई," म्हणाले.

माळावर त्या शेटजींचा कारखाना झाला. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा ते ओसरीवर पोळपाटाएवढ्या उन्हात बसले होते. ते उठले, रस्त्यापर्यंत गेले, स्टेशनकडून येणाऱ्या वाटेकडे बघत थोडा वेळ थांबले, आणि परत येऊन मुलीला म्हणाले, "वाढ."

त्यानंतर महिन्याभरानं ते पुन्हा तांब्या घेऊन लिंबाखाली जाऊ लागले. आता मोटारींसाठी नव्हे. कारखान्यात कामाला म्हणून मराठवाड्यातून, कोकणातून माणसं येऊ लागली होती. स्टेशनवर उतरून, डोक्यावर वळकटी घेऊन चालत येत. त्यांना ते गूळपाणी देत आणि गाव विचारीत. एकदा मी शेजारी असताना बीडकडचा एक तरणा माणूस पाणी पिता पिता म्हणाला, "आमच्याकडं काय हाय, आबा? नुसते दगडं."

सासऱ्यांनी तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला. माणूस दचकला.

"बाप हाय का?"

"हाय की."

"मंग आसं म्हणू नगं. काय हाय ते आदी सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा वेडा आहे का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी मान हलवली, सांग म्हणून. तो जरा वेळ आठवत राहिला. "जवारी चांगली येती," तो म्हणाला.

"आनखी?"

"एक बारव हाय देवळापाशी. उन्हाळ्यात बी पाणी ऱ्हातं तिला."

"हां," सासरे म्हणाले आणि तांब्या परत दिला. "पी आता. आन् दिवाळीला घरी जा."

किती जण दिवाळीला गेले, ते मला ठाऊक नाही. काही जण परत येताना सासऱ्यांसाठी गावाकडची ज्वारीची कणसं, कोकमाची पुडी असं काही आणीत. ते घेताना सासरे विचारीत, "बाप काय म्हणला?" आणि उत्तर नीट ऐकून घेत.

गेल्या चैत्रात ते वारले. खांदा द्यायला कारखान्यातली माणसं आली होती. त्यांतल्या निम्म्यांची नावं आम्हांला माहीत नव्हती.

आता लिंबाखाली कुणी बसत नाही. माळावर शेटजींचा कारखाना आहे आणि त्याच्या पलीकडे दुसऱ्या एका कारखान्याचा पाया खणत आहेत. मेहुण्याची पेटी आमच्या घरी आहे. सासऱ्यांचं उपरणं बायकोनं धुऊन त्या पेटीत ठेवलं आहे. भोंगा रोज सकाळी वाजतो.