मागास दिसायची तयारी

वर्ध्यात कर सल्लागार म्हणून पोट भरणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. कर कसा वाचेल, आणि नोटीस आली तर काय करायचं. सिंदी मेघेतल्या माझ्या ऑफिसात येऊन ‘कारखाना कुठं काढू’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे भाच्याचा चाकणहून फोन आला तेव्हा मी जरा फुगलोच.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. ट्रॅक्टरमध्ये बसवायच्या वायरिंगचे जुडगे तयार करणाऱ्या कंपनीत तो सुपरवायझर होता. कंपनीला दुसरा कारखाना काढायचा होता आणि दोन जागा नजरेत होत्या. एक सीमेपलीकडं मध्य प्रदेशात. दुसरी आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, ताईच्याच गावच्या बरडावर, हायवेला लागून. बरड म्हणजे नुसता मुरूम. तिथं तुरीचं झाडसुद्धा नाराजीनं उगवतं.

“मामा, मॅडम जागा पाहाले येऊन राह्यल्या,” भाचा म्हणाला. “तुम्ही सोबत राहजा. सवलतीचं काही विचारलं तं सांगता येईन. अन् आपल्याकडं ठरलं तं माही बदली पक्की.”

सवलतीचं सांगायचं तर गोष्ट सोपी आहे. सरकारनं तालुक्यांचे गट पाडून ठेवले आहेत. जिथं कारखाने भरपूर, तिथं नव्याला फारसं काही मिळत नाही. जिथं कमी, तिथं जमीन घेताना मुद्रांक शुल्क माफ, विजेवरचं शुल्क माफ आणि विकलेल्या मालावरच्या जीएसटीतला राज्याचा वाटा काही वर्षं परत. तालुका जितका मागं, तितका हात सैल. शेजारचं राज्यही गप्प बसत नाही, तेही आपलं ताट मांडून बसतं. गूळ ठेवला की मुंगळे येणारच. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पुण्याजवळ सगळं आयतं मिळत असताना आमच्या मुरमावर कुणी उगाच कशाला येईल?

ताईला यातलं काही नको होतं. तिला मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात घरी हवी होती. नात दिवाळीत यायची, आजीला पाहून आईच्या मागं लपायची, आणि जरा ओळख होऊन मांडीवर बसेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ व्हायची. दर वर्षी हेच. ताईनं मला फोनवर सांगितलं, “बापू, कारखाना इकडंच झाला पाह्यजे. तू काहीबी कर.”

काहीबी करायचं काम मात्र माझ्याआधी गावानंच अंगावर घेतलं.

मॅडम म्हणजे कंपनीचं अर्थखातं सांभाळणाऱ्या बाई. पुण्याच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सोबत एक तरुण इंजिनीयर. नागपूरहून त्यांची गाडी आली, मी कारंज्याच्या ढाब्यावर त्यांना गाठलं, चहा झाला आणि आम्ही गावाकडं वळलो. वेशीतून आत शिरलो आणि मला वाटलं, ड्रायव्हरनं वळण चुकवलं.

मागच्याच वर्षी गावात सिमेंटच्या गट्टूंचा रस्ता झाला होता. भाऊजींनी त्याचे फोटो मला इतक्या वेळा पाठवले होते की तो रस्ता मला तोंडपाठ होता. आज त्या रस्त्यावर हातभर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरलेलं. ग्रामपंचायतीच्या शुद्ध पाण्याच्या मशिनवर ताडपत्री, वरून तुराट्या. शाळेच्या नव्या रंगवलेल्या भिंतीला गोवऱ्या थापलेल्या, त्याही ओल्या. आणि अख्ख्या गावात एक मोटारसायकल दिसेना. सरपंच एरवी इस्त्रीच्या कपड्यांशिवाय संडासलाही जात नाहीत. ते फाटक्या बनियनवर हात जोडून उभे होते.

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. भाच्यानं आईला सांगितलं होतं की तालुका मागास गटात आहे म्हणून कंपनी येते आहे. आईनं ते गावाला सांगितलं. आता फाइल घेऊन पाहणीला आलेल्या माणसाला काय दाखवायचं, याची आमच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. नुकसानीचा पंचनामा असो की दारिद्र्यरेषेची यादी, साहेबापुढं जेवढं वाईट दिसाल तेवढं पदरात पडतं. चांगलं दिसलं की नाव कटलं. मॅडम तालुका खरोखर मागास आहे का ते तपासायला येत आहेत, असं गावानं गृहीत धरलं होतं आणि झाडून सगळे कामाला लागले होते.

ताईच्या ओसरीवर बैठक बसली. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाण्याची सोय काय आहे?”

“पाण्याचे तं लय हाल हायेत जी,” सरपंच म्हणाले. “बायका कोसभर जातात.”

“आणि वीज?”

“येते न जाते. येते कमी, जाते जास्त.”

“आमच्या कामाला बारावी झालेल्या मुली लागतील. साठ-सत्तर तरी. आसपासच्या गावांत मिळतील?”

“कुठच्या जी मॅडम. इथं कोण शिकते?”

सरपंचांच्या स्वतःच्या दोन्ही मुली बीएस्सीला होत्या. मी खाकरलो, डोळे वटारले, मध्येच “तसं नाही मॅडम” असंही म्हणून पाहिलं. सरपंचांनी माझ्या पायावर पाय दिला आणि “पाव्हणे शहरातले हायेत, त्याइले इथलं काय माईत” म्हणून मोकळे झाले. इंजिनीयर लिहीत होता. मॅडम त्याला हळूच म्हणाल्या, “पलीकडच्या जागेला निदान पाणी तरी होतं.”

मी सरळ उठून स्वयंपाकघरात गेलो. ताई कान तुटलेल्या कपांत चहा गाळत होती. चांगले कप लपवायला तिला गावानं बजावलं होतं.

“ताई, पोराची बदली गेली,” मी म्हणालो.

“काऊन?”

मी सांगितलं. अख्खा तालुका मागास आहे हे सरकारनं कधीच ठरवून दिलं आहे, तुझ्या घरात काय आहे हे पाहायला कुणी येत नाही. ती सवलत कागदावर पक्की आहे. बाई आल्या आहेत पाणी, वीज आणि मुली पाहायला, आणि तुमचा सरपंच यांतलं काहीच नाही म्हणून सांगतो आहे.

ताईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. “अन् हे तू काल काऊन नाई सांगतलं?”

“मला कुणी विचारलं का?”

“तुले विचाराले लागते?” ती म्हणाली. लहानपणापासून मी तिच्याशी वादात जिंकलेलो नाही, तेव्हाही जिंकलो नाही.

तिनं पदर खोचला आणि बाहेर आली. “मॅडम, चाला. वावर दाखवतो तुमाले.” सरपंच “अवं वहिनी, वहिनी” करत मागं लागले. भाऊजींचा चेहरा पडला. घराच्या मागं लागूनच ताईची संत्र्याची बाग आहे. तिथं कुणी जाऊ नये म्हणून वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. ताईनं त्या स्वतः ओढून बाजूला केल्या.

झाडांखाली अख्खं गाव उभं होतं. तीन जीपगाड्या, त्यांतली एक भाऊजींची, नवी कोरी. ट्रॅक्टर. मोटारसायकली ओळीनं. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. आणि दहा-बारा स्कूट्या, त्यांच्यावर बसून संत्री खात असलेल्या दहा-बारा मुली. एरवी याच वेळी त्या कॉलेजला निघतात. आज त्यांना बाहेर पडायचं नाही म्हणून हुकूम होता. त्यांत सरपंचांच्या दोघी. वडिलांना बनियनवर पाहून धाकटीला हसू आवरेना.

मॅडमनी काही विचारायच्या आत ताईच बोलली.

“हे सारं आमचं आहे. पाणी आहे, मशीनबी आहे, ताडपत्रीखाली. वीज तुमच्या पुण्यासारखीच येते. पोरी शिकेल आहेत. तुमाले मागास गाव पाह्यजे, असं आमाले वाटलं, म्हणून लपवलं. माह्या घरचा फ्रिज म्या मागच्या खोलीत ढकलला, माही कंबर अजून दुखून राह्यली.” मग तिनं खोचलेला पदर सोडला. “माहा पोरगा तुमच्या कंपनीत आहे. तो इकडं आला पाह्यजे. म्हणून केलं, मॅडम. खोटं बोलाची हौस नाई आमाले.”

मॅडम आधी इंजिनीयरकडं पाहत राहिल्या, मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ट्रॅक्टरच्या मडगार्डला धरून उभ्या राहिल्या. गाव हळूहळू हसलं. सरपंच सगळ्यात शेवटी.

मग त्या त्याच मुलींमध्ये बसल्या. कोण काय शिकतं, घरून किती लांब येऊ शकता, शिफ्टमध्ये काम करायला घरचे पाठवतील का, असं तासभर विचारत राहिल्या. सवलतीचं मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, “ते आम्ही आधीच हिशोबात धरलंय हो. पलीकडं थोडी जास्तच मिळते. पण मागं एकदा आम्ही नुसती सवलत पाहून कारखाना काढला होता. कामाला माणसं टिकेनात. चांगले सुपरवायझर सहा महिन्यांत बदली मागायचे.” जाताना त्या ताडपत्री काढून मशिनचं पाणी प्यायल्या. चहा चांगल्या कपांत झाला.

निर्णय व्हायला पुष्कळ दिवस लागले. पलीकडच्या राज्यानं मध्येच आणखी काही देऊ केलं, प्रदूषण मंडळाचा कागद अडला, बरडाचा अकृषक दाखला रेंगाळला. ताईचा मला रोज फोन. शेवटी बरडावर निळ्या पत्र्याची शेड उभी राहिली. मॅडमनी नंतर मला खरं कारण सांगितलं. हायवे, मुली आणि वाहतुकीचा खर्च. ताईला मात्र वाटतं कारखाना तिनं आणला. मी वाद घालत नाही. जेवायला ती वाढते.

भाचा आला. पगार चाकणपेक्षा जरा कमी आहे, तक्रार नाही. सरपंचांची धाकटी तिथंच तपासणी विभागात आहे. सकाळी पाळी भरायच्या वेळी रस्त्यावर स्कूट्यांची रांग लागते आणि गट्टू दिसत नाहीत.

मागच्या महिन्यात जेवायला गेलो होतो. पाटोडीचा रस्सा होता, पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं. भाचा पाळीवर गेला होता. नात ताईच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, एक हात ताईच्या बांगड्यांत अडकवून.

“बापू,” ताई हळू आवाजात म्हणाली, “ते सरकारची सवलत कधी सरते रे?”

“आहे अजून आठ-दहा वर्षं.”

“अन् सरली का कंपनी जाईन?”

खोटं सांगता आलं असतं. पण याच धंद्यात माझे केस पांढरे झालेत, आणि सवलत सरल्यावर मशिनी उचलून दुसरीकडं गेलेले कारखाने मी पाहिले आहेत. म्हणालो, “जाऊ शकते, ताई. राहीलही. पण जाऊ शकते.”

ती नातीकडं पाहत राहिली. झोपेत अडकलेला हात तिनं सोडवला नाही.

“तवर हे केवढी होईन?”

“शाळा संपत आली असेल.”

“मंग झालं ना,” ताई म्हणाली. “मले हिचं लहानपणच पाह्याचं होतं. तेवढं पाहून झालं का मंग कंपनी जाऊ दे कुठीबी.”