तोंडातला घास
सुकडीचा वास आला की बदलापूर गावातली नव्वदच्या दशकातली अंगणवाडी आठवते. माझी बहीण तान्ह्या मुलीचं वजन करायला आली होती. मी सोबत होतो. सासरी ती सगळ्यांच्या शेवटी, उरेल ते जेवायची. हे ठाऊक असलेल्या सेविकाताईंनी तिच्या हातावर गूळ-पिठाची पौष्टिक सुकडी ठेवली. "घरी नेऊ नकोस, इथंच खा." तिनं पहिला घास घेतला, तोच सासू दारात आली. "घरी पोरं बसलीत, अन् ही एकटीच गिळतेय!" "आजी, बाळ हिच्याच अंगावर पितंय," सेविकाताई म्हणाल्या. "आम्ही सात वाढवली, तेव्हा कोण आलं होतं सुकडी घेऊन?" बहिणीनं उरलेली सुकडी पदरात बांधली. घरी पोचेपर्यंत घास तिच्या तोंडात तसाच होता. आता तिची मुलगी बाळंतीण आहे. बहीण तिच्यासमोर ताट ठेवते आणि ते रिकामं होईपर्यंत उठत नाही.